करंजवाडीची सतरा नावं

सातारा
४ नोव्हेंबर १९४६

सौ. लीलास सलाम.

पुढं नेहमीसारखं प्रभूचं नाव जोडणार होतो, पण टाक तिथंच अडला. म्हणून नुसता सलाम घे.

तू जाऊन आज अकरा दिवस झाले. चर्चच्या मंडळीतले लोक रोज विचारतात, उपदेशकीणबाई कुठं गेल्या? मी सांगतो, माहेरी आईला बरं नाही. तुझ्या आईला वारून सहा वर्षं झाली हे इथं कुणाला ठाऊक नाही, ते एक बरं. रविवारी तर तिच्यासाठी सर्वांनी उभं राहून प्रार्थना केली. मी डोळे मिटून घेतले आणि आमेन म्हणालो. दुसरं काय करणार होतो?

मी रागावलो आहे, हे आधी सांगून टाकतो. नवऱ्याला न विचारता सकाळी उठून ट्रंक भरायची आणि एका म्हातारीबरोबर मोटारस्टँड गाठायचा, ही कुठली रीत? हरणाबाईचं वय झालं आहे, तिला एकटीला परत कसं पाठवायचं, म्हणून तू सोबतीला गेलीस असं मी धरून चाललो आहे. मोटारीनं सांगली, मिरजेहून छोट्या गाडीनं कवठे महांकाळ आणि पुढं करंजवाडीपर्यंत दोन कोस पायी. सत्तरीच्या बाईनं हा सगळा खटाटोप एका प्रश्नासाठी करावा, याचं मला अजून नवल वाटतं.

तिनं काय विचारलं ते तूही ऐकलंस. पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मास्तर, पाळकसाहेब म्हनत्यात, तुमची नावं मंडळीच्या यादीत न्हाईत. तीन सालं झाली, सांगलीला गेलं की आमास्नी मागं बसिवत्यात, प्रभुभोजनाची भाकरी देत न्हाईत. सतरा माणसं हाय आमी. आमी काय केलं?" मी म्हणालो, "यादी कमिटी करते, बाई. मी चौकशी करतो." यात खोटं काय होतं? यादी कमिटीच करते. त्यावर ती कशी हसली बघितलंस ना? म्हणाली, "तरी म्या माझ्या पोराला, कृष्णाताला म्हनत हुते, मास्तरास्नी ठाव नसंल. ठाव असतं तर ते धावत आलं असतं."

नंतर जेवायला बसलो आणि तू एकदम विचारलंस, "कमिटीला कळवलं कुणी?" मी भाकरी मोडत राहिलो. माणूस दिवसभर दमलेला असतो, प्रत्येक प्रश्नाला लगेच उत्तर देतोच असं नाही. तू तेवढ्यावरून काय ते ठरवून मोकळी झालीस.

मी तुला इथं कशासाठी आणलं ते आठव. करंजवाडीत ओढ्याची वाळू उकरून तू वाटीवाटीनं पाणी भरायचीस. इथं अंगणात नळ आहे. तिथं शाळेच्या पडवीत झोपायचो, इथं कौलारू घर आहे, दोन खोल्या, पुढं पारिजातक. हे सगळं मी एकट्यासाठी मिळवलं का?

नाताळ जवळ आला. गाण्यांचा सराव घ्यायला दुसरं कुणी नाही. परत ये.

नाथाजी

⁂

सातारा
२० नोव्हेंबर १९४६

सौ. लीलास,

उत्तर नाही. पोस्टमन दारावरून जाताना आता माझ्याकडं बघायचंही टाळतो. मीच त्याला अवघडून टाकलं आहे.

ठीक आहे. कमिटीला कळवलं ते मीच. आता झालं समाधान? पण त्यात लपवण्यासारखं काही नाही. उपदेशकानं दर उन्हाळ्यात आपल्या मंडळीचा अहवाल पाठवायचा असतो. कोण टिकलं, कोण मागं फिरलं, ते लिहायचं असतं. १९४३ साली मी तो पाठवला. पुढचं कमिटीनं केलं. त्यांनी नावं काढली, त्यांनी करंजवाडीचं काम बंद केलं, त्यांनीच माझी इकडं बदली केली.

आणि अहवालात मी मनचं काही रचलं नव्हतं. त्या लोकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा सांगलीहून पाळक मानसिंगराव आले होते. तूही तिथं होतीस. गावाची हलगी वाजवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या हरणाबाईच्या घराकडं. मानसिंगरावांनी तेव्हाच सांगितलं होतं, की देवीपुढं हलगी वाजवायची नाही, नाहीतर यादीत नाव राहणार नाही. सगळ्यांनी मान डोलावली होती. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात कृष्णातनं हलगी वाजवली. तुझ्या कानांनी तू ऐकलीस. मग मी ते लिहायचं नाही का? उपदेशकानं डोळ्यांवर कातडं ओढून बसायचं का?

मला झोप लागत नाही असं समजू नकोस. चांगली लागते.

हरणाबाईला सांग, चौकशी चालू आहे.

नाथाजी

⁂

करंजवाडी
२८ नोव्हेंबर १९४६

सलाम. कृष्णातनं हलगी वाजवली ती दवंडीसाठी. सरकारी ज्वारीची गाडी आली होती, ते गावाला कळवायला. देवीच्या जत्रेचे तीन दिवस हलगी कुठं होती ते तुम्हांला माहीत आहे. मला पत्रं लिहू नका. कमिटीला लिहा. हरणाबाईला दम लागतो, आता फार दिवस काढेल असं वाटत नाही. तिला प्रभुभोजन घ्यायचं आहे. यादीत नाव नाही म्हणून पाळक देत नाहीत.

लीला

⁂

सातारा
९ डिसेंबर १९४६

लीला,

एवढं सगळं उघड्या कार्डावर लिहिलंस! पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "हलगी म्हंजे कसली वो, मास्तर?" मी म्हणालो, नातेवाइकांकडं लग्न आहे. बघ, किती सहज येतं मला.

जत्रेचे तीन दिवस हलगी आपल्याकडं होती. शाळेच्या भिंतीला, फळ्याशेजारी टांगलेली. हरणाबाईनंच तो पायंडा पाडला होता. दर वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी ती कृष्णातला घेऊन यायची आणि म्हणायची, "मास्तर, ही तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्या. हाताशी नसली म्हंजी पोराचं मन बी जानार न्हाई, आन्‌ गावाला बी बोलाय जागा नगं." जत्रा संपली की परत न्यायची. मी तिथं होतो त्या सात वर्षांत एकदाही चुकलं नाही. गावानं शेजारच्या वाडीतून वाजवणारा आणला. त्याची शिक्षा म्हणून कृष्णातच्या घरचं सुगीचं धान्य बंद केलं. एकदा तर त्याला चावडीपुढं मारलं. तो पाठीचे वळ घेऊन माझ्याकडं आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "सोस कृष्णात, प्रभू बघतो आहे."

आणि त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात, तीच हलगी समोर भिंतीला असताना, मी टेबलाशी बसून कमिटीला लिहिलं की करंजवाडीचे लोक पुन्हा देवीपुढं हलगी वाजवतात आणि पाच घरं मागं फिरली आहेत. खाली सतरा नावं माझ्याच अक्षरात लिहिली. पहिलं हरणाबाईचं. अक्षर चांगलं आलं होतं. लिहून झाल्यावर मी ते वाळवलं आणि तुला चहा टाकायला सांगितला.

का, ते सांगतो. तुला वाटतं तसा मी दुष्ट नाही. त्याहून क्षुल्लक आहे. दादासो आठवतो ना, माझ्या वर्गातला? शिकताना त्याला एक प्रवचन धड जमत नव्हतं. तो साताऱ्याला लागला. त्रेचाळीसच्या मार्चमध्ये तो सायकलवरून सांगलीच्या सभेला आला, पँटला चिमटे लावून. मला म्हणाला, "काय रे नाथाजी, अजून ढेकळंच तुडवतोस?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन दोन दिवस तुझ्याशी नीट बोललो नाही, ते तुझ्या लक्षात असेल. त्याआधी सलग तीन वर्षं मी बदलीचे अर्ज केले होते. मानसिंगरावांचं उत्तर ठरलेलं, की तिथली माणसं टिकून आहेत, त्यांना सोडून कसं चालेल? म्हणजे ती टिकून होती म्हणून मी अडकलो होतो. ती मागं फिरली असती तर मी सुटलो असतो. मग मी त्यांना कागदावर मागं फिरवलं.

सात वर्षं त्यांनी मला भाकरी घातली. दुष्काळात स्वतः अंबाडीची भाजी खाऊन मला ज्वारीची भाकरी दिली. आणि मी त्या घरांकडं बघून रोज मनात म्हणत होतो, यांच्यापायी माझं आयुष्य चाललं आहे.

इथं येऊन सुख लागलं का? नळाला सकाळीच पाणी येतं, म्हणून मी नळावर चिडतो. दादासोची बदली सांगलीला झाली, तिथं म्हणे विजेचे दिवे आहेत. झालं, माझं मन लगेच सांगलीला. मला जे मिळतं ते हातात येईपर्यंतच गोड लागतं.

हे मी पहिल्यांदाच कुणाला लिहितो आहे. लाज वाटते असं लिहिलं तर तू म्हणशील, लिहायला काय लागतं. तरी वाटते. खोट्या साक्षीबद्दलची आज्ञा मी रविवारच्या शाळेत मुलांकडून घोकून घेतो आणि त्या वेळी खिडकीबाहेर बघतो.

आता आणखी एक. हे तुला सांगायचं टाळत होतो. २६ जानेवारीला सांगलीत मला पाळकाची दीक्षा द्यायचं ठरलं आहे. उपदेशक झाल्यापासून चौदा वर्षांनी. मानसिंगरावांनी स्वतः माझं नाव सुचवलं. तू असतीस तर शिवणकाम करणाऱ्या सुलाबाईकडून पाळकाचा झगा शिवून घेतला असतास. आता मीच मापं देऊन आलो.

नाथाजी

⁂

सातारा
२ जानेवारी १९४७

लीला,

नवं वर्ष लागलं. तुझं उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितो.

मी खूप विचार केला आणि एक मार्ग सापडला. शांतपणे वाच, पत्र फेकू नकोस. मी आज कमिटीला खरं लिहिलं तर काय होईल? चौकशी बसेल. दीक्षा थांबेल. नोकरी जाईल. नावं लागायला पुन्हा तीन बैठका, म्हणजे सहा महिने. त्यात हरणाबाईचं काय भलं झालं? पण २६ तारखेला दीक्षा झाली की मी पाळक होतो. मग कुणाला विचारायचं कारण नाही. मी स्वतः करंजवाडीला येईन आणि हरणाबाईला माझ्या हातानं प्रभुभोजन देईन. तिला किती आनंद होईल, तूच सांग. तिच्या मास्तरच्या हातचं! नावांचंही मग हळूहळू, कुणाला न दुखवता, नीट करता येईल.

फक्त तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. तिला तेवढं धीर धरायला सांग. औषधासाठी मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं असेल तर मी कुणाला तरी चिठ्ठी देतो.

झगा शिवून आला. खांद्यात थोडा घट्ट आहे.

नाथाजी

⁂

करंजवाडी
१७ जानेवारी १९४७

सलाम.

हरणाबाई परवा, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी गेल्या. मरणात त्रास झाला नाही. आदल्या दिवसापासून बोलणं कमी झालं होतं.

तुमचं दोन तारखेचं पत्र त्यांच्या उशाशी बसून वाचलं. त्यांनी विचारलं, "काय म्हनत्यात मास्तर?" मी म्हणाले, येणार आहेत. त्या म्हणाल्या, "त्यास्नी सवड न्हाई गं. मोठं काम हाय त्यांचं. घाई नगं करूस म्हनावं." शेवटी शेवटी एकच विचारत होत्या, "लीलाबाई, माझ्या हातनं काय चुकलं ते कळलं असतं तर माफी मागितली असती. माफी कशाची मागू?" मी सांगितलं, तुमचं काही चुकलं नाही. त्या म्हणाल्या, "न्हाई कसं? उगंच कोन नाव काडंल?"

तुम्ही काय केलं ते मी त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. ते तुम्हांला वाचवायला केलं असं समजू नका. त्यांचा ज्याच्यावर भरवसा होता तो मरताना काढून घ्यायचा माझ्याच्यानं धीर झाला नाही.

सांगलीला निरोप पाठवला होता. नाव नाही म्हणून पाळक आले नाहीत. प्रार्थना मीच केली. माती देताना पाच घरं होती, दुसरं कुणी नाही.

माती दिल्यावर कृष्णातला मी सगळं सांगितलं. त्यानं टाक-कागद माझ्यापुढं आणून ठेवला. मग म्हणाला, माझं बी लिवा. तो बोलला तसं लिहिते.

"मास्तर, जत्रंत हलगी तुमच्या हातात आनून दिली. गावानं दानं बंद केलं, मारलं. तवा तुमी म्हनला, सोस. म्या सोसलं. पाळकानं मागं बसिवलं, आई म्हनली सोस. ते बी सोसलं. आता आई गेली. आता मला तुमीच सांगा मास्तर, ह्ये कसं सोसू?"

लीला

⁂

सांगली
२५ जानेवारी १९४७, शनिवार

लीला,

उद्याची दीक्षा होणार नाही. ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं तुला धीरानं वाचता येईल.

तुझं पत्र मिळालं आणि चार दिवस मी काहीच केलं नाही. हे लपवत नाही. पत्र खिशात ठेवून मी झग्याचा खांदा सैल करून आणला. एका घरी नामकरणाला गेलो, गोड खाल्लं. काल मोटारीत बसलो तेव्हासुद्धा मनात हाच हिशेब, की आता म्हातारी गेली, आता बोलून कुणाला काय मिळणार. माणूस स्वतःला किती समजावू शकतो याला काही अंत नाही.

दीक्षेच्या आदल्या दिवशी कमिटी उमेदवाराला समोर बसवते. शास्त्रातले प्रश्न विचारतात. ते मला येतात. शेवटी अध्यक्ष सगळ्यांना एक ठरलेला प्रश्न विचारतो, की याच्याविरुद्ध कुणाची तक्रार आहे का? सगळे नाही म्हणतात, मग कागदावर सह्या होतात. अध्यक्ष मानसिंगरावच. त्यांनी विचारलं. सगळे नाही म्हणाले. दादासोही नाही म्हणाला. त्यांनी टाक उचलला आणि मला एकदम कृष्णातचं ऐकू आलं, कसं सोसू. मी उभा राहिलो.

मी म्हणालो, "माझी स्वतःचीच तक्रार आहे. करंजवाडीच्या अहवालात माझ्या हातून एक चूक झाली." बघ, तिथंही मी चूक म्हणालो! मानसिंगरावांनी चष्मा काढला आणि विचारलं, "चूक झाली की खोटं लिहिलं?" मी म्हणालो, खोटं लिहिलं. मग सगळं सांगितलं. भिंतीवरची हलगी, सतरा नावं, सायकल. सायकलचं सांगताना दादासोकडं बघवलं नाही. हरणाबाई साताऱ्याला आली होती आणि मी तिला चौकशी करतो म्हणालो होतो, तेही सांगितलं.

मानसिंगरावांनी हातातला टाक खाली ठेवला. मग म्हणाले, "नाथाजी, ती बाई दर नाताळाला यायची. पुढं येऊन बसायची. मी हाताला धरून तिला मागं नेऊन बसवायचो. मी. ती मुकाट्यानं जायची. म्हणायची, बरं पाळकसाहेब. तीन वर्षं हे मी तुझ्या शब्दावर केलं." मग ते उठून खोलीबाहेर गेले. मी आयुष्यात अनेकदा बोलणी खाल्ली आहेत. एवढी लाज कधी वाटली नव्हती. माझ्या खोटेपणात मी त्या भल्या माणसाचे हात वापरले.

निकाल असा. मला कामावरून कमी केलं आहे. माझं नाव यादीतून एक वर्षासाठी काढलं आहे. त्या काळात मी उपदेश करायचा नाही, मंडळीच्या सभेत बोलायचं नाही, प्रभुभोजनाला हात पुढं करायचा नाही. करंजवाडीची नावं पुन्हा लावायची. मानसिंगराव स्वतः ९ मार्चला तिथं येऊन सर्वांसमोर ती वाचतील आणि भोजन देतील.

साताऱ्याचं घर महिनाअखेर सोडायचं आहे. माझं सामान फार नाही. मी करंजवाडीला यायचं म्हणतो. तुझ्याकडं नाही. तुझ्या दारात उभा राहणार नाही, तो हक्क मी समजत नाही. कृष्णातनं विचारलं आहे, त्याचं उत्तर मला पत्रात देता येत नाही. समोर जाऊन, त्याला हवं ते करू द्यावं, एवढंच मला सुचतं.

नाथाजी

⁂

करंजवाडी
१० मार्च १९४७

लीला,

पन्नास पावलांवर पत्र पाठवायचं म्हणजे गंमतच. पण तू बोलत नाहीस आणि मला बोलायची बंदी आहे, तेव्हा कागदच बरा. ओट्यावर दगडाखाली ठेवून जातो.

महिनाभर तू मला पाहते आहेस, तरी काही गोष्टी तुला दिसल्या नसतील. मी आलो त्या दिवशी कृष्णातच्या दारात गेलो. वाटलं होतं, मारेल. मनातून मारावं असंच वाटत होतं, म्हणजे फिटल्यासारखं झालं असतं. त्यानं मला पुरतं ओळखलं आहे. कुदळ माझ्यापुढं टाकली आणि म्हणाला, "सडकंच्या कामावर चला. माणसं कमी हाईत." त्यानंतर आजपर्यंत माझ्याशी कामापलीकडं एक शब्द बोलला नाही. मी खडी फोडतो, तो पाटीनं वाहतो. माझ्या हातांना फोड आले तेव्हा त्यानं पाहिलं आणि मान वळवली. मी तक्रार करत नाही. कोण कुणाकडं तक्रार करणार?

आणि एक सांगू? हसशील. मला इथं बरं वाटतं. तेच ढेकळांचं रान, तोच कोरडा ओढा. सात वर्षं मी याला मनात शिव्या दिल्या. आता दुपारी बाभळीखाली बसून भाकरी खाताना मन दुसरीकडं कुठं जात नाही. सांगलीला नाही, साताऱ्याला नाही. दादासो आता कुठं असतो तेही आठवावं लागतं. याला समाधान म्हणायचं की दमलेल्या माणसाचा थकवा, मला कळत नाही. पण मला यापूर्वी हे कधी झालं नव्हतं.

आता कालचं. तू पुढं बसली होतीस, मी दाराशी, चपलांजवळ. मला जागा कुणी दाखवली नाही, पण तीच माझी. गेली तीन वर्षं सांगलीत त्यांना बसवलं तशीच, सर्वांत मागची. मानसिंगराव आधी सर्वांपुढं उभे राहिले आणि म्हणाले, तुमच्यावर अन्याय झाला, तो माझ्या हातून झाला, मला क्षमा करा. त्यांनी माझ्याकडं बोटसुद्धा दाखवलं नाही. मग वही उघडून नावं वाचू लागले. एकेक जण उठून "हाय जी" म्हणत होतं. कृष्णात उठला आणि हात जोडून उभा राहिला. मी मोजत होतो. सोळा झाली आणि त्यांनी वही मिटली.

मला बोलायची बंदी आहे हे मला ठाऊक होतं. पण कसं गप्प बसायचं? मी उठलो आणि म्हणालो, "पाळकसाहेब, एक नाव राहिलं." सगळे मागं वळले. त्यांनी मला खाली बस म्हटलं नाही. म्हणाले, "नाथाजी, मेलेल्या माणसाचं नाव यादीत लावायची चाल नाही." मी म्हणालो, "तिचं नाव मेल्यावर गेलं नाही. जिवंतपणी गेलं. मी काढलं. मी साक्ष देतो, ती शेवटपर्यंत एकदाही मागं फिरली नाही." ते हळूच म्हणाले, "लावता येईल. पण आजच्या आधीपासून यादीत असलेल्या एका सभासदाची साक्ष लागेल. तू आज सभासद नाहीस. तुझी साक्ष मला लिहिता येत नाही."

लीला, माझ्या एका ओळीवर तिचं नाव गेलं. तेव्हा कुणी दुसरी साक्ष मागितली नव्हती. आणि काल मी तिच्या माणसांपुढं पहिल्यांदा तिच्याबद्दल खरं बोललो, तर ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. मी तिथं हात खाली सोडून उभा होतो. बसावं की उभं राहावं ते कळेना.

तेव्हा तू उठलीस. "माझी घ्या," एवढंच म्हणालीस. त्यांनी वही पुन्हा उघडली आणि हरणाबाईचं नाव लिहिलं. सतरावं. कृष्णात ढसढसा रडला आणि बाया पण. तू माझ्याकडं बघितलं नाहीस, ते बरोबरच केलंस.

मग भोजन झालं. भाकरीचं ताट ओळीनं मागं येत आलं, माझ्याशेजारच्या आजीपर्यंत आलं आणि तिथून परत फिरलं. अठ्ठावीस वर्षं मी ते ताट हक्कानं घेत आलो, कधी कधी घेताना डाळ शिजायला टाकली आहे का याचा विचार करत. काल ते माझ्यापुढून गेलं तेव्हा मला कळलं की हरणाबाईनं तीन वर्षं काय पाहिलं. तिला तर का ते माहीतही नव्हतं.

आता शेवटचं, मग तुला त्रास देणार नाही. पुढच्या जानेवारीत वर्ष भरेल. माझं नाव लावायचं झालं तर मलाही कुणाची तरी साक्ष लागेल. ती मागायला मी तुझ्या दारात येणार नाही, कृष्णातच्याही नाही. मागून मिळालेली मला नको. तुमच्यापैकी कुणी आपणहून उठलं तर उठलं. न उठलं तर मी दाराशी बसेन, त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्याही वर्षी. इथून मी आता कुठं जात नाही.

नाथाजी